‘त्याच्या घरी फार त्रास आहे’ एवढ्यावर शाळेचं काम संपत नाही

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे वाचणाऱ्या बाकीच्यांनाही कळेल. मुलगा सातवीत, शाळा कोल्हापुरातलीच. वर्गातला एक मुलगा जूनपासून त्याच्या मागे लागलाय. डबा पळवतो, आडनावावरून चिडवतो, शाळेच्या रिक्षात मागे कोपऱ्यात दाबून बसवतो. दिवाळीनंतर तर वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्याचे फोटो टाकून खिदळणं सुरू झालंय. शाळेने यंदा नवं ‘ट्रॉमा-इन्फॉर्म्ड’, म्हणजे मुलाच्या मनावर झालेले आघात लक्षात घेऊन वागायचं, वर्तन धोरण आणलंय आणि तुम्ही भेटायला गेलात की एकच उत्तर मिळतं: ‘त्या मुलाच्या घरी फार त्रास आहे. आम्ही शिक्षा करत नाही, समजून घेतो.’ धोरण असंच असतं का, आणि असेल तर माझ्या मुलाने किती दिवस समजून घ्यायचं, असं तुम्ही विचारलंय.

धोरण असं नसतं. मी शाळांमध्ये समुपदेशनाचं काम बरीच वर्षं करते, शहरात आणि करवीर-शिरोळच्या बाजूलाही, आणि अशी धोरणं लिहायला शाळांना मदतही करते. तुमच्या शाळेने त्यातला अर्धाच भाग उचललाय, तोही सोपा असलेला.

या विचाराची सुरुवात अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासापासून धरतात. व्हिन्सेंट फेलिटी आणि रॉबर्ट अँडा यांनी कॅलिफोर्नियात सतरा हजारांहून जास्त प्रौढांना लहानपणच्या वाईट अनुभवांबद्दल विचारलं: मारहाण, लैंगिक अत्याचार, घरातलं व्यसन, आईला होणारी मारझोड, घरातलं कुणी तुरुंगात. १९९८ पासून त्याचे निष्कर्ष यायला लागले. असे अनुभव जितके जास्त, तितकी मोठेपणी व्यसनं, नैराश्य, हृदयविकार जास्त. पुढे २०१४ मध्ये अमेरिकन सरकारच्या मानसिक आरोग्याचं काम पाहणाऱ्या ‘साम्सा’ या संस्थेने चौकट मांडली. आघात किती सर्रास असतो हे जाणा, त्याच्या खुणा ओळखा, आपली कामाची पद्धत त्याप्रमाणे बदला आणि पुन्हा आघात होऊ देऊ नका. तत्त्वं सहा दिली आणि त्यात पहिलं ठेवलं सुरक्षिततेला.

कोल्हापूरकरांना हे परकं वाटायचं कारण नाही. २०१९ आणि २०२१ च्या महापुरानंतर चिखली-आंबेवाडीकडची, शिरोळकडची काही पोरं पाऊस वाढला की वर्गात टिकत नव्हती. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांच्या इशारा पातळीकडे निघालंय असं कानावर पडायचा अवकाश, कुणी खिडकीतून हलत नव्हतं, कुणी शेजारच्याला उगाच ढकलून द्यायचं, कुणाचं पोट दुखायचं. अशा मुलाला ‘शिस्त नाही’ म्हणून बाकावर उभं करून काय साधणार? तिथे बाईंनी जवळ जाऊन हळू आवाजात बोलणं, पाणी प्यायला पाठवणं, घरच्यांना एक फोन लावून देणं हे खरं काम. ट्रॉमा-इन्फॉर्म्ड धोरणं मुळात अशा वागण्यासाठी लिहिली गेलीत, जिथे मुलाचा स्वतःवरचा ताबा सुटलेला असतो.

सततचा छळ ही वेगळी गोष्ट आहे, आणि शाळांची गल्लत नेमकी इथे होते. नॉर्वेचे डॅन ओल्व्हेउस यांनी याची जी व्याख्या रूढ केली ती आजही वापरली जाते: त्रास जाणूनबुजून दिलेला, पुन्हा पुन्हा दिलेला, आणि ज्याला होतो त्याला प्रतिकार करणं अवघड जावं इतका ताकदीचा फरक. ती ताकद अंगाची असेल, टोळक्याची असेल, आडनावाची असेल. तुम्ही सांगितलेल्या गोष्टींत ताबा सुटलेला कुठे दिसतो? डबा रोज पळवला जातो तो सर स्टाफरूममध्ये असताना. रिक्षात जागा ठरवून मागची. फोटो निवडून, वर ओळ लिहून टाकलेला. भेदरलेलं मूल शिक्षक दारात दिसले म्हणून हसतमुख होऊन वही उघडत नाही, त्याला ते जमतच नाही. ज्याला जमतं त्याचं वागणं त्याच्या ताब्यात आहे, आणि त्यातून त्याला काहीतरी मिळतंय. बहुतेक वेळा वर्गातला दबदबा.

याचा अर्थ त्याच्या घरचा त्रास खोटा असं मी म्हणत नाहीये. खरा असू शकतो. स्वतः मार खाणारी आणि दुसऱ्याला छळणारी मुलं असतात, आणि मोठेपणी सगळ्यांत जास्त त्रासात तीच सापडतात असं बरेच अभ्यास सांगतात. त्या मुलाला मदत हवीच. पण घरी बाप पिऊन मारतो या माहितीचा उपयोग त्याला कसं थांबवायचं हे ठरवण्यासाठी करायचा असतो. थांबवायचं की नाही, हा प्रश्न त्या माहितीने निकालात निघत नाही. आणि एक गोष्ट शाळेला बैठकीत स्पष्ट विचारा: ‘पुन्हा आघात होऊ देऊ नका’ हे तत्त्व माझ्या मुलाला लागू आहे की नाही? त्या मुलाचा आघात घरी होतोय. तुमच्या मुलाचा शाळेत होतोय, शाळेच्या वेळेत, शाळेच्या जबाबदारीत. सकाळी पोट दुखणं, शाळेत दिवसभर लघवीला न जाणं, रविवारी संध्याकाळपासून गप्प होणं, साध्या हाकेला दचकणं, या सगळ्या त्याच खुणा आहेत ज्या ओळखायला धोरण शिकवतं. त्या फक्त आरडाओरडा करणाऱ्या मुलातच शोधायच्या, असं कुठेही लिहिलेलं नाही. गप्प बसणारं मूल शाळेला त्रास देत नाही, म्हणून ते दिसत नाही, इतकंच.

आता शाळेने करायचं काय? पहिल्यांदा नोंद. तारीख, वेळ, जागा, कोण होतं, काय झालं. ‘पोरांची मस्ती’ म्हणून सुटी सुटी पाहिली की प्रत्येक गोष्ट किरकोळ दिसते. महिनाभराचा कागद समोर ठेवला की मुख्याध्यापकांचा सूर बदलतो, हे मी बऱ्याच शाळांत पाहिलंय. त्याच कागदावरून जागाही कळतात. जिना, मुतारी, सायकल स्टँड, रिक्षा, मैदानाचा लांबचा कोपरा. छळ अशा चार-पाच ठिकाणीच होत असतो. तिथे मधल्या सुट्टीत एक मोठं माणूस नुसतं उभं केलं तरी बराच फरक पडतो, आणि त्याला पैसेही लागत नाहीत.

मग त्या मुलासाठी परिणाम. हा शब्द ऐकला की काही समुपदेशकांच्या कपाळाला आठ्या पडतात, पण परिणामाशिवाय हे थांबत नाही. मारणं, अंगठे धरायला लावणं, प्रार्थनेच्या वेळी सगळ्यांसमोर पाणउतारा करणं मला अभिप्रेत नाही. शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षेवर आणि मानसिक छळावर बंदीच आहे. परिणाम म्हणजे ज्या मोकळिकीचा त्याने गैरवापर केला ती काही दिवस कमी होणं. मधल्या सुट्टीत तो पीटीच्या सरांच्या नजरेखाली. रिक्षात पुढे, काकांच्या शेजारी. बाक बदलायचा तर त्याचा, तुकडी बदलायची तर त्याची. मॉनिटर असेल तर ते पद गेलं. ग्रुपवरचे फोटो त्याने स्वतःच्या पालकांसमोर काढून टाकायचे, अर्थात आधी स्क्रीनशॉट ठेवून.

ट्रॉमा-इन्फॉर्म्ड असणं दिसतं ते हे सगळं कसं केलं जातं त्यात. एकट्याला बोलावून, आवाज न चढवता, काय दिसलं ते नेमकं सांगून: ‘तू वाईट आहेस’ असं नको, ‘गुरुवारी डबा घेतलास, आज पुन्हा घेतलास, हे आजपासून बंद’ असं हवं. मुदत आधीच सांगायची, म्हणजे त्यालाही पुढे काय होणार याची कल्पना असते. ज्या मुलाच्या घरी कधी मार पडेल याचा नेम नसतो, त्याला शाळेत तरी आज एक उद्या एक असं होत नाही याची खात्री लागते. रोज सकाळी दोन मिनिटं भेटणारे एक सर किंवा बाई ठरवून द्यायच्या. आणि घरी मारहाण होत असेल तर ती नुसती ‘माहिती’ म्हणून तुमच्यापुढे ठेवायची गोष्ट नाही. त्या मुलासाठी शाळेने १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनला, जिल्हा बाल संरक्षण कक्षाला कळवायला हवं. इथे मला शाळेचा थोडा रागही येतो. एका पालकासमोर दुसऱ्या घराच्या अडचणी सांगायच्या, आणि त्या घरासाठी मात्र काहीच करायचं नाही, ही कुठली संवेदनशीलता? त्या कुटुंबाची गोपनीयताही गेली आणि तुमचं तोंडही बंद झालं.

सगळ्यांत जास्त नुकसान करणारी पद्धत मात्र वेगळीच आहे, आणि ती आपल्याकडे अगदी प्रेमाने वापरली जाते. दोघांना ऑफिसात बोलवायचं, ‘काय झालं सांगा बघू’ म्हणायचं, मग ‘सॉरी म्हण, हात मिळवा, आजपासून तुम्ही दोस्त.’ दोघं बरोबरीचे असतील, क्रिकेटच्या आऊटवरून भांडले असतील, तर हे चालतं. छळात दोघं बरोबरीचे नसतात. छळणाऱ्यासमोर बसून त्याच्याविषयी बोलायला लावणं म्हणजे तुमच्या मुलाला पुन्हा त्याच कोपऱ्यात दाबणं. तो काय बोलणार? ‘काही नाही सर, मस्करी होती.’ संध्याकाळी रिक्षात त्याची किंमत मोजायची. छळाच्या बाबतीत अशी मध्यस्थी करू नये, यावर या क्षेत्रातल्या लोकांचं बऱ्यापैकी एकमत आहे. नातं दुरुस्त करणाऱ्या बैठका नावाचा प्रकार असतो, मी स्वतः घेते, पण तो शेवटी येतो: त्रास थांबून काही आठवडे झालेत, छळणाऱ्याने काय केलं ते स्वतःच्या तोंडाने कबूल केलंय, आणि ज्याला त्रास झाला त्याला स्वतःला बैठक हवी आहे. यातलं एक जरी नसेल तरी नको. तुमच्या मुलाने नाही म्हटलं तर तिथे विषय संपला, त्याला ‘मोठ्या मनाचा हो’ म्हणून गळ घालायची नाही.

दुसरं टोकही सांगते, कारण बऱ्याच पालकांचा ओढा तिकडे असतो: ‘काढूनच टाका त्याला.’ आठवीपर्यंत मुलाला शाळेतून काढून टाकायला शिक्षणहक्क कायद्याचं कलम १६ परवानगी देत नाही. तोंडी दबाव आणून ‘दाखला घेऊन जावा’ असं काही ठिकाणी सांगितलं जातं, पण ते कायद्यात बसत नाही आणि शहाणपणातही. असा मुलगा पेठेतल्या पुढच्या शाळेत जातो आणि तिथे तुमच्या मुलासारखाच कुणीतरी शोधतो. अमेरिकेत ‘एक चूक की बाहेर’ अशा धोरणांचा अनुभव घेऊन झालाय. तिथल्या मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेच्या कार्यगटाने २००८ मध्ये अहवाल दिला, की त्याने शाळा सुरक्षित झाल्याचं दिसत नाही.

पुराव्याचा विषय निघालाच आहे तर माझ्या बाजूच्या लोकांना न आवडणारी गोष्टही सांगून टाकते. ट्रॉमा-इन्फॉर्म्ड शाळा या कल्पनेचा गाजावाजा जितका आहे तितका तिच्यामागचा पुरावा नाही. २०१९ मध्ये, झालेल्या अभ्यासांचे एकत्र आढावे घेणाऱ्या कॅम्पबेल या संस्थेच्या आढाव्यात शाळाभर राबवलेल्या अशा पद्धतींचा नीट तुलना केलेला एकही अभ्यास त्यांच्या निकषांत बसला नाही. पद्धत चुकीची असं त्यातून ठरत नाही. पण ‘आमच्याकडे हे धोरण आहे’ एवढं म्हणून छळ कमी होईल, असं कुणी छातीठोकपणे सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. उलट, खास छळ थांबवण्यासाठी आखलेल्या कार्यक्रमांचा पुरावा बराच चांगला आहे. सगळे मिळून छळणाऱ्यांचं प्रमाण सुमारे १८ ते २० टक्क्यांनी आणि छळ सोसणाऱ्यांचं सुमारे १५ ते १६ टक्क्यांनी कमी होतं. आकडा छोटा वाटेल. चाळीसच्या वर्गात ज्याची सुटका होते त्याला तो छोटा वाटत नाही. म्हणून माझा शाळांना आग्रह असतो, की वर्तन धोरणात छळासाठी वेगळं प्रकरण लिहा, ताबा सुटलेल्या मुलासाठीचीच पानं इकडे चिकटवू नका.

त्या कार्यक्रमांत काम करतं काय, तर मोठा भाग बघ्यांचा. टोरांटोच्या शाळांच्या मैदानावर कॅमेरे लावून केलेल्या एका अभ्यासात दिसलं, की छळाच्या ८८ टक्के प्रसंगांत बाकीची मुलं हजर होती. मध्ये पडली फक्त १९ टक्के वेळा. पण मध्ये पडली तेव्हा निम्म्याहून जास्त वेळा प्रकार दहा सेकंदांत थांबला. फिनलंडमध्ये क्रिस्टिना साल्मिवाल्ली यांनी याच गोष्टीभोवती ‘किवा’ हा कार्यक्रम उभा केला: छळणाऱ्याच्या हाताखालचे, हसून खतपाणी घालणारे, बाजूला सरकणारे आणि साथ देणारे, असे वर्गात वेगवेगळे लोक असतात, आणि छळणाऱ्यापेक्षा त्यांना हलवणं सोपं असतं. आपल्याकडे वर्गातले गट पेठेवरून पडतात, तालमीवरून पडतात, फुटबॉलच्या हंगामात तर संघावरून पडतात. हे वर्गशिक्षकाला ठाऊक असतं. तो त्या टोळक्यातल्या दोघा-तिघांना वेगवेगळं गाठून एवढंच म्हणू शकतो: ‘तू हसू नकोस. डब्याला त्याच्या शेजारी बस. रिक्षात त्याच्या बाजूला बस.’ समोर उभं राहून भिडायला सांगायचं नाही, नाहीतर उद्या त्याचाच नंबर लागायचा. हसणारे कमी झाले की त्या मुलाची मजा निम्मी होते.

आडनावाचा मुद्दा तुम्ही ओझरता लिहिलाय, मला तो ओझरता वाटत नाही. ज्या संस्थानात शाहू महाराजांनी १९१९ साली अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सगळ्या मुलांना एकाच शाळेत बसवायचा हुकूम काढला, तिथल्या सातवीच्या वर्गात आडनावावरून जागा ठरत असेल तर ती ‘चिडवाचिडवी’ म्हणून नोंदवू देऊ नका. जातीवरून बोललेले शब्द जसेच्या तसे लिहून द्या. हंगामात बीडकडून येणाऱ्या ऊसतोड कामगारांच्या मुलांना त्यांच्या बोलीवरून जे सोसावं लागतं तेही याच खात्यातलं, आणि त्यांच्या वतीने शाळेत भेटायला येणारं कुणी नसतं.

काही गोष्टी शाळेच्या धोरणाच्या बाहेरच्या आहेत. कपडे काढणं, नको तिथे हात लावणं, तसले फोटो किंवा व्हिडिओ यातलं काहीही असेल तर पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा लागतो. शाळेला ते पोलिसांना कळवावंच लागतं, ‘आपसात मिटवू’ हा पर्याय तिथे नसतो. आणि मुलगा ‘मला जगायचंच नाही’ असं काही बोलला, गमतीत म्हणाला असं वाटलं तरी, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करा किंवा सीपीआर या सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात घेऊन जा, त्याच दिवशी.

आता तुमच्या हातातलं. त्या मुलाला शाळेच्या गेटवर किंवा रिक्षाजवळ गाठून दम देऊ नका, मिस्टरांनाही देऊ देऊ नका. त्यानंतर चर्चा तुमच्या वागण्यावर सुरू होते. त्याच्या आईवडिलांशी थेट बोलणंही टाळा, ते शाळेचं काम. घरात कुणी ‘तूबी दोन लगाव की, मर्दासारखा रहा’ म्हणत असेल, आणि कोल्हापुरात कुणीतरी म्हणतंच, तर ते थांबवा. लगावता आल्या असत्या तर त्याने जूनमध्येच लगावल्या असत्या. वर आता त्याला असंही वाटायला लागतं, की चूक आपलीच.

शाळेला पत्र द्या, तोंडी नको, पोच घ्या. त्यात धोरणाच्या विरोधात काही लिहू नका. असं लिहा: ‘आपल्या धोरणात प्रत्येक मुलाच्या सुरक्षिततेचं तत्त्व आहे. त्यानुसार माझ्या मुलासाठी लेखी सुरक्षा योजना हवी आहे.’ मग विचारा: मधल्या सुट्टीत नजर कोणाची, रिक्षाचं कोण बघणार, काही झालं तर त्याने कोणाकडे जायचं, आणि आढावा कोणत्या तारखेला. ‘कोणाकडे जायचं’ हे नाव तुमच्या मुलाला विचारून ठरवा. वर्गशिक्षकांपेक्षा त्याला चित्रकलेच्या बाई जवळच्या वाटत असतील तर त्या. योजनेत त्याचं म्हणणं असणं महत्त्वाचं, कारण गेले काही महिने त्याच्या हातात काहीच उरलेलं नाही. त्याला न विचारता मोठ्यांनी सगळं उरकलं तर पुढच्या वेळी तो सांगणारच नाही.

पत्राला उत्तर आलं नाही तर शाळा व्यवस्थापन समितीकडे जा. त्यात पालकांचे प्रतिनिधी असतात. मग शिक्षणाधिकारी, आणि त्यानंतर राज्य बालहक्क संरक्षण आयोग. बहुतेक प्रकरणं तिथवर जात नाहीत, पोच घेतलेलं पत्रच काम करतं.

योजना सुरू झाली की पहिले दोन आठवडे त्रास बंद व्हायच्या ऐवजी जागा बदलतो. मैदानातून ट्यूशनला, ट्यूशनमधून इन्स्टाग्रामवर. योजना फसली असं तेव्हा लगेच समजू नका, नवी जागा नोंदीत घाला. महिन्याभराने नोंदी कमी झालेल्या दिसायला हव्यात. तशा दिसल्या नाहीत तर त्या मुलाची तुकडी बदलायची लेखी मागणी करा. तीही झाली नाही आणि तुमचा मुलगा स्वतःहून शाळा बदलायचं म्हणत असेल तर बदला. फक्त नोंदींची ती फाईल नव्या वर्गशिक्षकांना पहिल्याच आठवड्यात दाखवा, आणि जुन्या वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून त्याचा नंबर आधी काढून घ्या.